संस्थेच्या भिंतीवरची रेघ

मामा, दूध संस्थेची भिंत परत तुमच्या पोरीलाच मिळाली. एवढंच सांगायला बसलोय. आज दुकान बंद आहे, शेठ लग्नाला गेलाय, आणि मी साडीच्या खोक्याचा रद्दी पुठ्ठा पालथा घालून त्यावर लिहितोय, कारण आमच्या दुकानात कोरा कागद असा सापडतच नाही, सगळ्यावर कुणाचं ना कुणाचं नाव छापलेलं. अजून तसाच लिहितो, तुम्ही शिकवल्यासारखा. आधी ओळभर उघडी अक्षरं काढायची, डोक्यावर काही नसलेली, आणि ओळ संपली की डावीकडनं उजवीकडं एका दमात रेघ. सुरतेतली पोरं हसतात. म्हणतात, भाई, तुझी मराठी आधी घरातनं निघते आणि टोपी मागनं घालते. हसू देत.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी नववीतनं शाळा सोडलेली होती. आई-बाप दिवाळीच्या पुढं-मागं कारखान्याला जायचे, म्हणजे ऊस तोडायला, आणि एक हंगाम मीही त्यांच्यासोबत गेलतो. मुकादमानं मला कोयता चालवताना बघितलं आणि बापाला म्हणाला, "हे पोरगं ऊस तोडतंय का उसाची हजामत करतंय?" पुढच्या हंगामाला बापानं मला धारूरला तुमच्या ओसरीवर आणून बसवलं. तुम्ही माझा हात उलटा-सुलटा करून बघितलात, बैलाचा खूर बघतात तसा, आणि म्हणालात, "राहू द्या. खातंय किती ते बघू." मामी चुलीपुढनं हसल्या. तुमचं दुकान म्हणजे ती ओसरीच. एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला वाळत लावलेले पत्र्याचे बोर्ड, आणि मधे तुम्ही. भाकरीला टर्पेंटाइनचा वास यायचा आणि बोर्डाला कधी कधी पिठाची बोटं लागायची. अजूनही रंगाचा डबा उघडला की मला भूक लागते.

तुमची पोरगी माझ्याहून वर्षभरानं मोठी. तिला ताई म्हणायला पाहिजे होतं, मी कधी म्हटलं नाही. ती शाळेतनं यायची, दप्तर भिरकावून पत्र्यापुढं बसायची आणि खडूनं अक्षरं आखायची. ती आखणार, मी भरणार. बाहेरची कड तिची, आतला रंग माझा. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं नाव पाडलं, भरण्या. "ए भरण्या, कडंच्या भाईर जाऊ नगं, तिकडं माझा मुलूख हाय." अक्षरं भरून वाळली की सगळ्यात शेवटी तुम्ही उठायचात. रुंद ब्रश घ्यायचात, छाती भरून दम धरायचात आणि सगळ्या शब्दाच्या डोक्यावरनं एक रेघ ओढायचात. रेघ संपेस्तोवर श्वास सोडायचा नाही, हा तुमचा नियम. तोवर ओसरीत कुणी बोलत नाही, मामी भाकरी थापायच्या थांबतात, दारातली शेळीसुद्धा गप्प राहते असं मला वाटायचं. रेघेआधी तो नुसता पत्रा. रेघ आली की बोर्ड. आणि रेघ ओढणारा तो पेंटर, बाकीचे मजूर. हे तुम्ही कधी म्हणाला नाहीत, माझं मीच धरलेलं होतं. एकदा धीर करून विचारलं, "मामा, मी कधी ओढू?" तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "पुढची मोठी भिंत आली की ओढ." तुम्ही सहज म्हणाला असाल. मी मात्र त्या दिवसापासनं गावातल्या सगळ्या भिंती मोजायला लागलो, कुठली मोठी आणि कुठली मोठी नाही.

तुम्ही मला कधी रागावला नाहीत. ह्यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण तिला तुम्ही रोज रागवायचात. काढलेलं अक्षर तळहातानं पुसून टाकायचात. "हा ह हाय का बसलेली म्हैस? उठीव तिला." "ह्या क ला कुणी ढकललं गं? का ह्यो जत्रंतनं पिऊन आलाय?" "लोक काय शिडीवरनं वाचत्यात का? रस्त्यापल्याड जा, तिथनं बघ, अन् मग तोंड वर करून ये." ती रडायची, नाक ओढत पुसायची, परत काढायची. मी शेजारीच रंग भरत बसलेला. तुमची नजर माझ्या पत्र्यावरनं फिरायची आणि तुम्ही म्हणायचात, "झाक झालंय. जा, चहा घे." तिला ओरडा, मला चहा. पाहुण्याला कोण रागवतं, मामा? मी त्या घरात दोन वेळा जेवायचो, मामी माझ्या अंगावरचे कपडे ओळखून वाळत घालायच्या, तरी मी पाहुणाच. तुमचा एकूण एक ओरडा मला पाठ आहे. माझ्यासाठी नव्हता म्हणून जास्तच.

मग ती मोठी भिंत आली, आणि आली ती नेमकी दुष्काळात. विहिरींनी तळ दाखवलेला, टँकर येईल त्या वेळेला गाव कळश्या घेऊन पळायचं. दूध संस्थेनं गावाबाहेर जनावरांसाठी छावणी उघडली होती, आणि संकलन केंद्राच्या, बाजाराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर संस्थेचं नाव लांबनं दिसेल असं पाहिजे होतं. भिंत काळवंडलेली. आधी चुना मारायला पाहिजे, आणि चुन्याला पाणी. तुम्ही मला बादली देऊन हातपंपावर पाठवलंत. तिथल्या बायांनी मला जे झाडलं! एक म्हातारी म्हणाली, "माणसाला तोंड धुवायला न्हाई, अन् तुमी भिंतीला आंघोळ घालता व्हय रे मुडद्या?" मी रिकामी बादली घेऊन परत आलो. तेव्हा संस्थेतल्या माणसानं कॅन विसळलेलं पाणी दाखवलं. त्यात सोडा होता, जनावराला पाजता येत नव्हतं, ओतूनच द्यायचं होतं. तुम्ही वास घेतलात आणि म्हणालात, "कालव ह्याच्यात चुना." कालवला. भिंत पांढरीशुभ्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर काळी. माशा. अख्ख्या धारूरच्या माशा त्या दुधाच्या भिंतीवर येऊन बसलेल्या, आणि खाली दोन मांजरं भिंत हुंगत फिरतायत. पोरगी हसून हसून रस्त्यातच खाली बसली. "आबा, भिंतीला साय धरली!" तुम्हीही हसलात. त्या वर्षात तुम्हाला हसताना मी तेवढं एकदाच बघितलं.

आखणी तिनं केली, सगळ्या बाजारासमोर. भरणी मी केली. ऊन उतरताना नाव उभं राहिलं, वर रेघ नसलेलं. पिंपांवर लांब फळी टाकलेली होती, तिच्यावरनं चालत रेघ ओढायची होती. तुमचा खांदा त्या दिवसांत वर उचलत नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी रुंद ब्रश धुतला, पुसला आणि हातात धरून उभा राहिलो. तुम्ही जवळ आलात. माझ्या हातातनं ब्रश घेतलात. आणि तिला दिलात.

ती फळीवर चढली, दम धरला आणि निघाली. मधे रेघ हलली. तुम्ही रस्त्यापल्याडनं ओरडलात, "रेघ ओढती का रांगोळी घालती गं? पूस!" सगळा बाजार तिच्याकडं बघतोय, ती रॉकेलच्या फडक्यानं पुसतेय. परत ओढली, परत हलली, परत पूस. मग जी आली ती अशी आली की छावणीकडं बैल घेऊन चाललेला माणूस कासरा धरून जागीच उभा राहिला. तिला तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्याकडं वळलात आणि म्हणालात, "भरणी लई झाक झाली. जा, चहा घे." मी गेलो. टपरीवर चहा प्यालो, साखर जास्त होती, आणि कप खाली ठेवताना ठरवलं की आता इथं राहायचं नाही.

पण तुम्ही माझ्या आधीच ठरवलेलं होतं. थोड्याच दिवसांत तुम्ही मला एसटीनं माजलगावला घेऊन निघालात, तिथं फ्लेक्सचं नवं दुकान झालतं. खिडकीची जागा मला दिलीत. वाटेत गाडी थांबली तेव्हा भजी घेतलीत आणि मिरच्या काढून भजी माझ्याकडं सरकवलीत. म्हणालात, "कॉम्प्युटर शिक. ब्रशात आता पोट भरत न्हाई. तू पोटाचा इचार कर." मी विचारलं, "अन् तिचं पोट?" तुम्ही खिडकीतनं बाहेर बघितलं, उघडी रानं मागं पळत होती. "तिला कुठं पाठवू? पोरीच्या जातीला दुकानात कोण ठेवतंय?" तेव्हा ते उत्तर मला पळवाटेसारखं वाटलं. आजही अर्धं तसंच वाटतं. उतरल्यावर तुम्ही पिशवीतनं शर्टाचं कापड काढलंत, वर टॉवेल-टोपी. सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलंत. मामा, तो पाहुण्याला बोळवताना करतात तो आहेर होता. शिकलेल्या पोराला ब्रश देतात. टोपी मी अजून ठेवलीय, घातलेली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी माजलगाव सोडून सुरतेत आलेलो होतो. धावत-पळत सावडायला पोचलो. ती भिंतीला टेकून बसलेली होती, मांडीवर तुमचा ब्रशांचा डबा. लोक तिच्या तोंडाकडं बघत होते, मी डब्याकडं.

इथं मी काय काय करतो ते ऐकलं तर तुम्ही हसाल. साड्यांची खोकी, हिंगाच्या डब्या, लग्नपत्रिका, दाताच्या डॉक्टरची पाटी, एका म्हाताऱ्याच्या श्रद्धांजलीचा फलक, लहान पोरांच्या बनियनवरचा हत्ती. शेठला सगळ्यावर सोनेरी पाहिजे. "थोडा गोल्डन मारो, भाई." श्रद्धांजलीवरही. काम हातात आलं की मी आधी मशीनला हात लावत नाही. ते नाव पुठ्ठ्यावर लिहितो आणि लिहीतच राहतो, हे कुणाचं नाव आहे ते विसरेपर्यंत. मग पुठ्ठा उलटा धरतो. तुम्हीच सांगायचात, उलटं धर, वाचू नको, नुसतं बघ, कुठं गर्दी झालीय आणि कुठं भगदाड पडलंय. मग रस्ता ओलांडून पानाच्या टपरीपासनं डोळे बारीक करून बघतो, टपरीवाला म्हणतो आला बघ येडा. साडीची खोकी दुकानात एकावर एक रचतात, बाहेर दिसते ती त्यांची बाजू, म्हणून मी नाव बाजूवर आणलं. हिंगाची डबी बाई तेलकट बोटांनी उचलते, तर बोटं येतात तिथं नाव ठेवायचं नाही. दाताच्या डॉक्टरला गोल टोकांची अक्षरं दिली, पाटी वाचणारा आधीच भ्यालेला असतो. बनियनवरच्या हत्तीचं मात्र मला अजून उमजलेलं नाही, तो आपला असाच जमला, आणि तोच सगळ्यात जास्त खपला. कधी कधी शेठकडं कॉलेजात हे शिकून आलेली पोरं येतात, चांगलं काम करतात. त्यांचा मला हेवा वाटत नाही. माझा हेवा एकाच ठिकाणी खर्ची पडलाय, दुसऱ्याला द्यायला उरलेला नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. कॉम्प्युटरमधे अक्षर दाबलं की ते स्वतःची रेघ डोक्यावर घेऊनच येतं. शेजारी दुसरं दाबलं की दोघांच्या रेघा आपोआप जुळतात. कुणाला दम धरावा लागत नाही. माजलगावला पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता क क क क दाबत बसलो. पडदा भरून रेघच रेघ, शेवटपर्यंत सरळ, फुकट. दुकानवाला म्हणाला, "काय बे, एवढं एकच अक्षर येतं का तुला?" ब्रशानं मी आजवर एकही रेघ ओढलेली नाही.

तर मागच्या महिन्यात संस्थेच्या सचिवाचा फोन आला. मधली बरीच वर्षं संस्थेला कुलूपच होतं, आता परत दूध गोळा करायला लागलेत. "आपल्या गावचा डिझायनर सुरतेत असताना भाईरच्याकडं कावून जायचं? तू काढ बे नाव. भिंतीवर तेच, गाडीवर तेच." तीच भिंत. मला जेवण सुचेना. एवढ्या वर्षांत जे जे शिकलो ते त्या नावात घातलं. अक्षरांना दुधासारखा गुळगुळीत उतार दिला, वरची रेघ एका टोकाला धारेसारखी खाली सोडली. उलटं धरलं, टपरीपासनं बघितलं, टपरीवालाही म्हणाला, आज काहीतरी जमलंय. पाठवलं. तेव्हा सचिव म्हणाला, "अन् हां, पेंटरबाईनं पण एक कागद दिलाय. मिटिंगमधे दोनी ठिवू." पेंटरबाई म्हणजे तुमची पोरगी. युसूफ वडगाव ह्या गावी लग्न करून दिली तेव्हा मला वाटलं होतं, आता चूल आणि मूल. तर ती शाळांच्या भिंती रंगवते, देवळांच्या पाट्या काढते, ट्रॅक्टरच्या मागं पोरांची नावं लिहून देते. डिझायनर म्हटल्यावर मी जेवढा फुगलो होतो, तेवढा त्या पेंटरबाई शब्दानं बसलो.

मिटिंग झाली. सचिवाचा आवाज अवघडलेला. "तुझं लई भारी हाय. पर कंपनीवाणी दिसतंय. मी ते छापून दारावर चिकटवलं, तर सकाळी दूध घालायला आलेली माणसं कॅन घेऊन भाईरच उभी. म्हणत्यात, संस्था इकली व्हय? कुणाला इकली?"

मी म्हणालो, "अन् तिचं?"

"तिचं बघून कुणी कायच म्हणलं न्हाई. सरळ आत गेले."

टीका केली असती तर मी भांडलो असतो. कुणी काही म्हणालंच नाही, सरळ आत गेले, ह्याच्यावर माणूस काय बोलणार? शेठनं त्या दिवशी विचारलं, तब्येत बरी नाही का. म्हटलं, पित्त झालंय.

आणि काल दुपारी तिचा व्हिडिओ फोन. डोक्याला पदराचा फेटा, गालावर निळा रंग. "भरण्या, तुझा चुना निघंना बघ! बाकी भिंत सोलली, आपला दुधाचा चुना खरवडून हात गेले, हाय तसा हाय. त्याच्यावरच काढलं मग." तिनं फोन फिरवला. भिंत दिसली. अक्षरं भरलेली, रंग अजून ओला, वर रेघ नाही. "भरणी बी मीच केली. तुझ्यावाणी न्हाई झाली."

"मग मला कावून दाखवती?"

"बघ अन् सांग. रस्त्यापल्याड उभं राहायला कुणी न्हाई आता. नवरा म्हणतो छान, सचिव म्हणतो छान. छान ऐकून ऐकून कान किटले रे."

मी म्हणालो, फोन घेऊन पल्याड जा. ती गेली, फोन वर धरला. मी डोळे बारीक केले, आणि माझ्या तोंडातनं तुम्ही बोललात. "तो ह बघ, सहकारीतला. ह हाय का बसलेली म्हैस? उठीव तिला!" मला वाटलं आता फोन ठेवते. "खरंच बसलाय?" "मग काय खोटं सांगतो? लोक काय शिडीवरनं वाचत्यात का?" तिनं नाक ओढलं, अगदी तेव्हासारखं. मग फळीवर चढली, फडक्यानं ह पुसला, पांढऱ्याचा हात मारला, आणि वाळल्यावर परत काढला. दिवेलागणीच्या आधी परत फोन लावला. नवा ह कळपातनं म्हैस उठून चालायला लागावी तसा उभा होता.

"आता रेघ राहिली," ती म्हणाली. "दिवाळीला येणार असशील तर ठिवते तुझ्यासाठी. आबा म्हणले होते ना तुला, मोठ्या भिंतीवर तुझी."

"तुला कुणी सांगितलं?"

"ओसरीतच म्हणले होते. मी काय बहिरी हाय?"

म्हणजे त्या दिवशी फळीवर चढताना तिला माहीत होतं. मी क्षणभर दिवाळीचं मनात आणलं, खोटं कशाला सांगू. पण तिनं राखून ठेवलेली मला नको होती. म्हटलं, "ओढ तूच. दम धर." तिनं फोन विटेला टेकवला आणि निघाली. इकडं मीही दम धरला. रेघ हलली नाही. हलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली उतरली, धापा टाकत फोनपुढं आली आणि नुसती बघत राहिली. मी म्हणालो, "जा, चहा घे."

ती एवढी हसली की फोन आडवा पडला. "मला चहा! आबांनी मला एकदा तरी म्हणलं का रे चहा घे? तुला झाक अन् मला पूस. लई जळायची मी तुझ्यावर." मला ते पटलं नाही. आता भिंत तिची आहे, तिला असलं बोलायला परवडतं.

तर असं झालं, मामा. हा पुठ्ठा मी खोक्यांच्या थप्पीत तळाला सारणार आहे, कारण ह्यातलं एक तिला कळता कामा नये. तो ह पहिल्यांदाच बरोबर होता. पोट आत, पाय घट्ट, पल्याडनं स्वच्छ दिसत होता. सगळी भिंत शोधली, कुठंच खोट सापडेना, म्हणून मी त्याला म्हैस म्हणालो. आणि दुसऱ्यांदा आला तो त्याहून चांगला आला, हे कालपासनं झोंबतंय. मग वाटलं, ओसरीवर तुम्ही रोज जी अक्षरं पुसायला लावायचात, त्यातली किती आधीच बरोबर होती? आणि तसं असेल तर माझी भरणी, जिला तुम्ही झाक म्हणायचात, ती खरंच झाक होती का? त्या ह चं तिला सांगू नका. भरणीचं मला सांगू नका.